ज्या खेळास दिवेलागण नाहीं

आमच्या घरीं रात्रीं आठ वाजतां सर्वांनीं मिळून जेवावयास बसावें, असा वडिलांच्या वेळेपासूनचा परिपाठ आहे. दोन मुलगे, दोन सुना, एक नातू, एक नात आणि आम्ही उभयतां अशीं आठ माणसें. २०२३ सालच्या उन्हाळ्यांत ह्या परिपाठास खंड पडूं लागला. थोरल्या मुलाचा मुलगा त्या वेळीं सातवीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. पानें वाढलीं कीं आजीनें हांक मारावी, आंतल्या खोलींतून "आजी, पांच मिनिटें!" असें उत्तर यावें, पांचाचीं पंधरा व्हावीं, आणि वरणभात निवून जावा, हा नित्यक्रम झाला. एके रात्रीं आमचा संयम सुटला. आम्ही उठून आंत गेलों आणि त्याच्या हातांतील फोन काढून घेतला. मुलगा ओरडला नाहीं कीं उलट बोलला नाहीं. डोळ्यांत पाणी आणून तो एवढेंच म्हणाला, "आजोबा, माझ्यामुळें आतां ते तिघे हरणार."

हे तिघे कोण, हा प्रश्न त्या रात्रीं आमच्या मनांतून जाईना. छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें मुलांचा आळस, उद्धटपणा आणि खोटेपणा हे तिन्ही आम्ही दुरून ओळखतों, अशी आमची समजूत. ह्या उत्तरांत त्यांपैकीं एकही नव्हता. दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही त्याच्याशेजारीं जाऊन बसलों आणि त्याचा खेळ समजावून देण्यास त्यास सांगितलें. प्रथम त्यास ही थट्टा वाटली. नंतर तो असा रंगून सांगूं लागला कीं, इतक्या उमेदीनें बोलतांना आम्हीं त्यास कित्येक दिवसांत ऐकलें नव्हतें.

खेळाचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्या जातीचे खेळ पुष्कळ आहेत व त्यांची रचना थोड्याफार फरकानें सारखीच असते. पन्नास ते शंभर खेळाडू एका ओसाड बेटावर उतरतात, शस्त्रें व औषधें शोधीत फिरतात, आणि सुरक्षित प्रदेशाचें वर्तुळ क्रमाक्रमानें आक्रसत जाऊन सर्वांना एकमेकांसमोर आणून सोडतें. चौघांचा एक संघ. शेवटपर्यंत जो उरेल तो जिंकला. एक डाव पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालतो, आणि चालू डाव थांबवितां येत नाहीं. फोन खालीं ठेवला तरी बेटावरील लढाई चालूच राहते; उठणारा उठून जातो, आणि मागें राहिलेल्या तिघांस चौघांचें काम करावें लागतें. आमच्या नातवाच्या तिघांपैकीं एक त्याच्या वर्गांतला, दुसरा कोथरूडचा, आणि तिसरा नागपूरचा. नागपूरच्या मुलास त्यानें प्रत्यक्ष कधींच पाहिलेलें नव्हतें; पण त्याच्या धाकट्या बहिणीस ताप आल्याची बातमी त्यास ठाऊक होती.

म्हणजे "पांच मिनिटें" हा बहाणा नव्हता. खो-खोचा डाव ऐन रंगांत आला असतां चौकोनांत बसलेल्या गड्यास आईनें दूध पिऊन जाण्यास हांक मारली, तर तो उठेल काय? आमच्या लहानपणीं आम्ही तरी उठत नसूं.

परंतु साम्य येथेंच संपतें. खो-खोचा डाव नऊ मिनिटांचा. शिटी झाली कीं संपला. गल्लींतल्या खेळास शिटी नव्हती, पण सूर्य होता. चेंडू दिसेनासा झाला, छाती भरून आली, घरोघर दिवे लागले, परवचा म्हणावयास हांका आल्या, कीं खेळ आपोआप मिटे. ह्याचें श्रेय आमच्या पिढीच्या विवेकास देण्याचें कारण नाहीं. श्रेय अंधाराचें आणि दमलेल्या पायांचें. फोनवरील खेळास दिवेलागण नाहीं. त्यांत पाय दमत नाहींत, दमतात ते डोळे आणि आंगठे. आणि एक डाव संपतो त्याच क्षणीं दुसऱ्याचें बटण समोर येऊन उभें राहतें.

इतक्यावरही तो खेळ थांबत नाहीं. रोज हजेरी लावली तर बक्षीस, चुकली तर तें बुडालें. हंगाम कांहीं आठवड्यांचा; त्यांत कष्टानें चढलेल्या पायऱ्या हंगाम बदलतांच खालीं घसरतात. आणि मधूनमधून एक बंद पेटी, जींत काय निघेल हें उघडल्याखेरीज कळत नाहीं. ह्या पेटीचें मर्म अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर ह्यांनीं गेल्या शतकांत पक्ष्यांवरील प्रयोगांनीं दाखवून ठेवलें आहे. ठराविक टोंचींनंतर दाणा मिळत असेल तर कबुतर दाणा खाऊन थोडा विसांवा घेतें. पण कितव्या टोंचीस दाणा मिळेल ह्याचा नेम नसेल तर तें टोंचीतच राहतें. अशा विकतच्या पेट्या म्हणजे जुगारच होय, असें बेल्जम देशानें २०१८ सालीं ठरविलें.

आम्हांस मात्र स्किनरच्या आधीं ऋग्वेद आठवला. दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त अक्षसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांतील द्यूतकार पुन्हां न खेळण्याचा निश्चय करतो, आणि फांशांचा आवाज कानीं पडतांच तिकडेच निघतो. घरचीं माणसें त्यास दुरावतात, आणि आपलें काय होत आहे हें त्यास स्वतःस दिसत असतें. इतक्या प्राचीन काळीं मनुष्याच्या मनाचें इतकें नेमकें वर्णन कोणी केलें असेल, ह्याचें आम्हांस नेहमींच आश्चर्य वाटत आलें. पण सूक्ताच्या शेवटाकडे त्या माणसास खेळूं नको एवढेंच सांगून सोडलेलें नाहीं. त्यास शेत कसावयास सांगितलें आहे. हातांतून फांसे काढले, तर त्या हातांस दुसरें काय द्यावयाचें, ह्याचा विचार त्या ऋषीनें केला होता. आम्हीं तें सूक्त अनेकदां वाचलें. ह्या भागाकडे लक्ष गेलें तें नातवामुळें.

"अप्पा, हें शुद्ध व्यसन आहे," असा निकाल धाकट्या मुलानें त्याच आठवड्यांत देऊन टाकला होता. व्यसन हा शब्द घरांत फार सैलपणें वापरला जातो, म्हणून येथें थोडें स्पष्ट लिहिणें जरूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ति २०१९ सालीं मान्य केली व ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली. तींत खेळांच्या ह्या विकारास प्रथमच स्वतंत्र स्थान मिळालें. खेळण्यावर ताबा न राहणें, इतर सर्व आवडी व नित्यकर्में मागें पडून खेळास अग्रस्थान मिळत जाणें, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणें, अशीं त्याचीं लक्षणें. आणि त्यामुळें घर, शाळा, मैत्री ह्यांत ठळक बिघाड होऊन तो साधारणतः बारा महिने टिकलेला असावा लागतो. खेळणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच हा विकार जडतो, असेंही ती संघटना सांगते. ज्यांना जडला असेल त्यांच्या वडीलमंडळींनीं मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास संकोच करूं नये. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत तर २०१४ पासून ह्याच कामासाठीं वेगळा विभाग चालतो.

आमचा नातू शाळेंत नियमित जात होता, झोंप यथास्थित होती, गुणही उतरले नव्हते. लक्षणांच्या मापानें तो विकारग्रस्त नव्हे, असें आम्हीं ठरविलें व तें पुढें खरें ठरलें. पण त्याच पावसाळ्यांत एकदां इमारतीची लिफ्ट बंद पडली. तिसऱ्या मजल्यावर चढतांना दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशीं धाप लागून कोणी थांबलें असेल, तर तें आम्ही नव्हे.

ह्याचा सारा दोष फोनवर टाकणें आम्हांस सोयीचें झालें असतें. परंतु आंकडे तसें करूं देत नाहींत. १४६ देशांतील ११ ते १७ वयाच्या १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनीं २०१९ सालीं ती लॅन्सेटच्या बाल व किशोर आरोग्याच्या मासिकांत प्रसिद्ध केली. ह्या वयाच्या मुलांना रोज निदान तासभर अंगमेहनत घडावी, हें माप. त्या मापास न पुरणारीं मुलें २०१६ सालीं शेंकडा ८१ निघालीं. भारतांत शेंकडा ७४ च्या सुमारास. आतां २००१ सालचे आंकडे पाहावे: मुलगे शेंकडा ८०, मुली शेंकडा ८५. पंधरा वर्षांनंतर मुलगे ७८, मुली पुन्हां ८५. २००१ सालीं आजच्यासारखा फोन कोणाच्याही खिशांत नव्हता! मैदान त्यापूर्वींच ओस पडलें होतें. फोन आला तो रिकाम्या घरांत भाडेकरू यावा तसा आला.

तें ओस कोणीं पाडलें? वाडे पडून इमारती झाल्या आणि अंगणांत मोटारी उभ्या राहिल्या, हें एक कारण खरें. आमचाच वाडा २००६ सालीं पडला, आणि ज्या चौकांत आम्हीं आट्यापाट्या खेळलों तेथें आतां चार मोटारी व सात दुचाकी असतात. पण दुसरें कारण शाळेंतलें आहे, आणि तें सांगतांना आम्हांस आमच्याच नांवानें बोललें पाहिजे.

वेळापत्रकांत शारीरिक शिक्षणाचे तास असत. दहावीच्या वर्गाचे ते तास आम्ही मागून घेत असूं; प्रथम जानेवारीपासून, पुढें दिवाळीपासून, आणि शेवटीं शेवटीं तर जून महिन्यापासूनच. संस्कृत म्हणजे पैकीच्या पैकी गुण देणारा विषय. पालक संतुष्ट, मुख्याध्यापक संतुष्ट. आणि ड्रिलमास्तर इतके भिडस्त कीं ते स्वतःच येऊन "सर, आज तुम्हीच घ्या" म्हणत. कुमारसंभवांतील शरीराची महती सांगणारा तो सर्वपरिचित श्लोकचरण आम्हीं त्याच मागून घेतलेल्या तासांत मुलांकडून घोकून घेतला आहे. त्यांतील विसंगति एकाही मुलानें बोलून दाखविली नाहीं, आणि आम्हांस ती दिसली नाहीं.

१९९८ सालीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. खो-खोंत पाठलाग करतांना तो असा झेपावे कीं शेजारच्या शाळेचे शिक्षकही पाहावयास थांबत. जिल्ह्याच्या सामन्यांसाठीं त्याची निवड झाली, आणि सामने नेमके पूर्वपरीक्षेच्या आठवड्यांत आले. आम्हीं त्याच्या वडिलांस बोलावून सांगितलें, "हें एक वर्ष खेळ बंद ठेवा. पुढें सारें आयुष्य पडलें आहे." वडिलांनीं ऐकलें. दोन वर्षांपूर्वीं एका लग्नसमारंभांत तो भेटला. चाळिशी नुकती उलटलेली, देह सुटलेला, जेवणाअगोदर मधुमेहाची गोळी. वांकून नमस्कार करून म्हणाला, "सर, तुमच्यामुळें संस्कृतांत अठ्ठ्याण्णव पडले." मग हंसून म्हणाला, "मैदानावर मात्र त्यानंतर जाणें झालें नाहीं." त्याच्या बोलण्यांत तक्रारीचा लवलेशही नव्हता. असता तर बरें झालें असतें.

विद्याव्यासंगी घरांना व्यायाम परका, ही समजूत आमच्या मंडळींत कोठून शिरली कोण जाणे. मल्लखांबाचें पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं होते. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि स्वतः नित्य सूर्यनमस्कार घालीत, आणि आपल्या संस्थानांतील शाळांत त्यांनीं ते सुरू करविले. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचें. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ तेथें करून दाखविले. ही परंपरा तुटली ती आमच्या डोळ्यांदेखत, एकेक तास मागून घेत.

घरीं आम्हीं काय केलें तें आतां सांगतों; त्यांत आरंभ चुकीचाच आहे. थोरल्या मुलाच्या आग्रहावरून फोन आठ दिवस कुलुपांत ठेवला. नवव्या दिवशीं कळलें कीं, नातू रोज "गणिताचा अभ्यास" म्हणून मित्राकडे जाऊन तेथें खेळत होता. म्हणजे खेळ थांबला नाहीं. खोटें बोलणें मात्र नव्यानें शिकला. घरच्या सत्तेचें सोडा, राज्यसत्तेसही हें काम सोपें गेलेलें नाहीं. दक्षिण कोरियानें सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळीं सहापर्यंत हे खेळ बंद करणारा कायदा २०११ सालीं केला आणि २०२२ च्या आरंभीं तो काढून टाकला. चीननें २०२१ पासून मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सणाचे दिवस एवढेच, आणि तेही रात्रीं आठ ते नऊ, मोकळे ठेवले. आमच्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें संमत केलेला कायदा पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर आहे. बेटावरची लढाई त्यांत येत नाहीं. तेव्हां सरकारनें पाहून घेतलें आहे, अशा समजुतींत कोणीं राहूं नये.

दुसऱ्या खेपेस नातवास समोर बसवून नियम ठरविले. मिनिटें मोजावयाचीं नाहींत, डाव मोजावयाचे. संध्याकाळीं सात वाजतां बसावयाचें, दोन डाव खेळावयाचे, आणि आठ वाजतां पानावर यावयाचें. चालू डावांतून त्यास कोणीं उठवावयाचें नाहीं. जेवणानंतर घरांतील सर्व फोन देव्हाऱ्याशेजारच्या फडताळांत जावयाचे. ह्या शेवटच्या नियमाविरुद्ध कुरकुर झाली ती नातवाची नव्हे, त्याच्या बापाची व काकाची. धाकटे चिरंजीव तर पहिल्या आठवड्यांत दोनदां फडताळापाशीं सांपडले.

आणि मैदान. महापालिकेचें एक मैदान घरापासून दहा मिनिटांवर आहे. नातू एकटा तेथें जाऊन करणार काय? तेव्हां त्याच्या संघांतील पुण्याच्या दोघांच्या घरीं आम्हीं स्वतः फोन केला. दोन्ही घरीं आपल्या मुलाविषयीं तीच काळजी चाललेली होती, आणि दोघांच्याही आईंना आपल्या मुलाचे हे सोबती कोण, ह्याचा पत्ता नव्हता.

हें चाललें असतां धाकट्या सुनेनें एक गोष्ट सुनावली, ती येथें लपविण्यांत अर्थ नाहीं. "मामंजी, ह्याच्या मैदानाची इतकी चर्चा चालली आहे, पण आमची मुलगी शाळेंतून आल्यावर कोठें जाते, हें कोणीं विचारलें आहे का? ती कोणाला त्रास देत नाहीं, एवढेंच." शेंकडा ८५ हा मुलींचा आंकडा आम्हीं वाचला होता, वहींत उतरूनही घेतला होता, आणि तो आंकडा आमच्याच घरांत खिडकीशीं पुस्तक घेऊन बसलेला होता! नात नातवाहून एका वर्षानें धाकटी; दहाव्या वर्षींच तिला चष्मा लागलेला. उघड्यावरील उजेडाचा आणि डोळ्यांचा संबंध आतां चांगला सिद्ध झालेला आहे. चीनमधील ग्वांगझू शहरीं बारा प्राथमिक शाळा घेऊन त्यांपैकीं सहांत रोज चाळीस मिनिटें बाहेरचा तास वाढविला; तीन वर्षांनीं इतर शाळांत शेंकडा सुमारें ४० मुलांना लघुदृष्टि आली होती, तर ह्या शाळांत शेंकडा ३० मुलांना. ही माहिती २०१५ सालीं प्रसिद्ध झाली आहे.

पहिल्या रविवारीं सकाळीं सहा मुलें जमलीं. खो-खोस तीं पुरेनात, म्हणून लंगडी घेतली. नऊ मिनिटांचा डाव तीन मिनिटांवर आणावा लागला. तिसऱ्या मिनिटास दोघे खालीं बसले आणि एकास ओकारी झाली. बेटावर तासन् तास लढणारे हे वीर! आम्हांस हंसूं आलें नाहीं. पुढच्या रविवारीं चारच आलीं. पुढें हळूहळू अकरा झालीं, कारण मुलें मुलांना आणतात, आजोबा आणूं शकत नाहींत. दिवाळीपर्यंत डाव नऊ मिनिटांचा झाला, आणि लंगडींत सर्वांत चिवट आमची नात निघाली. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा होऊन भारताच्या पुरुषांनीं व महिलांनीं, दोघांनींही चषक जिंकला, तेव्हां घरांत अंतिम सामना पाहिला गेला तो त्याच फोनवर. नागपूरच्या मुलानेंही तिकडे आपल्या वस्तींत कांहीं मुलें जमविलीं आहेत, असें ऐकतों.

सारें सुरळीत झालें, असें मात्र कोणीं समजूं नये. नातू अजून रोज दोन डाव खेळतो व सुटीच्या दिवशीं तिसऱ्यासाठीं वाद घालतो. रोज तासभर अंगमेहनत, हें माप अद्याप गांठलेलें नाहीं. रविवार आणि आठवड्यांतील तीन संध्याकाळी, एवढीच मजल आहे.

तीही आतां अडचणींत आली आहे. नातू ह्या वर्षीं दहावींत आहे. तो ज्या शिकवणीस जातो, तेथें नोव्हेंबरपासून दर रविवारीं सकाळीं सराव परीक्षा ठेवल्या आहेत, आणि संध्याकाळचे जादा वर्ग वेगळे. परवां जेवतांना थोरला मुलगा म्हणाला, "अप्पा, हें एक वर्ष मैदान बंद ठेवूं. पुढें सारें आयुष्य पडलें आहे." त्या लग्नांतल्या भेटीविषयीं आम्हीं घरांत कोणापाशीं बोललों नव्हतों. फोनविषयीं तो कांहीं बोलला नाहीं; शिकवणीच्या सूचना त्यावरच येतात.

रविवारची परीक्षा सकाळऐवजीं दुपारीं घ्यावी, अशी विनंति करणारें पत्र आम्हीं शिकवणीच्या चालकांस लिहून ठेवलें आहे. त्यावर पालक म्हणून सही थोरल्या मुलाची लागते. पत्र दोन दिवस टेबलावर आहे.